मोटारसायकलला वेगळी चाके बसवताना: बेअरिंग, बुश आणि मापांचा हिशेब

कंपनीने दिलेली तारेची चाके काढून अलॉय चाके बसवणे, किंवा मोठ्या गाडीची रुंद चाके आपल्या गाडीला घेणे, हे काम सोलापुरातल्या गॅरेजांना नवे नाही. चाक देखणे असते, टायर चढवलेला असतो, एक्सल आरपार जातो, नट आवळला जातो आणि गाडी रस्त्यावर येते. पुढे काही दिवसांनी चाकातून घरघर येऊ लागते, ब्रेक एका बाजूला घासतो किंवा चेन खडखडते, आणि दोष बेअरिंगच्या दर्जाला दिला जातो. अशा तक्रारींत पुष्कळदा खरा दोष निघतो तो हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत बसलेल्या आणि बाहेरून अजिबात न दिसणाऱ्या एका लोखंडी नळीच्या लांबीत. ही नळी, तिच्या दोन्ही बाजूंचे बुश, म्हणजे तशाच छोट्या नळ्या, आणि या सगळ्यांची मापे काढण्याची पद्धत हा या लेखाचा विषय आहे. ज्याने आजवर कधी चाक खोललेले नाही, त्याने हे सर्व स्वतःच्या हाताने करावे असा आग्रह नाही. पण मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून तो काय मोजतो आहे आणि काय मोजायचे सोडतो आहे, हे त्याला कळले पाहिजे.

चाक विकत घेण्याआधी

पहिल्या कामासाठी आपल्याच मॉडेलच्या अलॉय आवृत्तीचे मूळ चाक घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अनेक गाड्या तारेच्या आणि अलॉय अशा दोन्ही चाकांत विकल्या जातात, आणि अशा वेळी हब, बेअरिंग, बुश व ब्रेकची प्लेट यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो. दुसऱ्या गाडीचे चाक घ्यायचे ठरले, तर मात्र पुढचा प्रत्येक मुद्दा लागू होतो.

कायद्याची बाजूही आधीच समजून घेतलेली बरी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. म्हणून एमएच-१३ च्या पाटीची गाडी असो वा अकलूजची एमएच-४५ ची, मापात मोठा फरक पाडणारे चाक घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी. हलक्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक आहे; चाकावर आयएसआयची खूण, रिमचा व्यास आणि रुंदी ओतीव किंवा कोरीव अक्षरांत आहे की नाही, हे दुकानातच पाहावे. केवळ स्टिकर लावलेले चाक घेऊ नये.

जुन्या बाजारातले चाक असेल, तर त्याच्या आऱ्यांच्या मुळाशी आणि रिमच्या कडेला बारीक चिरा आहेत का, रंगाखाली वेल्डिंग झाकले आहे का, हे उजेडात नेऊन तपासावे. खड्ड्यात आपटून वाकलेली आणि नंतर ठोकून सरळ केलेली अलॉय रिम घेऊच नये. ओतीव ॲल्युमिनियम एकदा वाकले की त्याची ताकद कुठे गेली आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

टायरचा बाहेरचा व्यास बदलला की गाडीची उंची आणि वेगाचा काटा दोन्ही बदलतात. उदाहरणार्थ, ९०/९०-१८ या टायरचा हिशेबाने येणारा व्यास साधारण ६१९ मिमी आहे आणि १००/८०-१७ चा साधारण ५९२ मिमी. फरक २७ मिमीचा, म्हणजे एक्सल सुमारे १३ ते १४ मिमी खाली येतो. काट्याची गती त्याच चाकावरून घेतली जात असेल, तर काटा ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ५७ च्या आसपास असेल. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या गावांमधले उंच गतिरोधक ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत, त्यांनी हे १३ मिमी आधीच लक्षात घ्यावेत, कारण इंजिनाच्या पोटाला किंवा सायलेन्सरला पहिला फटका तिथेच बसतो.

हबच्या आत काय असते

चाकाच्या हबला दोन्ही बाजूंनी एकेक बेअरिंग असते. बेअरिंगची बाहेरची रेस, म्हणजे कडे, हबमध्ये घट्ट बसते आणि चाकाबरोबर फिरते; आतली रेस एक्सलवर असते आणि फिरत नाही. दोन्ही आतल्या रेसच्या मध्ये एक नळी असते, तिला मधला बुश, डिस्टन्स कॉलर किंवा स्पेसर म्हणतात. बेअरिंगच्या बाहेर, शॉकअपच्या किंवा स्विंगआर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) पायापर्यंत, डावा आणि उजवा असे बाजूचे बुश असतात. एक्सलचा नट आवळला की उजवा पाय, उजवा बुश, आतली रेस, मधला बुश, दुसरी आतली रेस, डावा बुश आणि डावा पाय ही सगळी उतरंड एकमेकांवर दाबली जाते. नटाचा संपूर्ण जोर या उतरंडीतून गेला पाहिजे. बेअरिंगच्या गोळ्यांवर त्यातला जराही येता कामा नये.

मधला बुश दोन बेअरिंगांच्या बैठकींमधल्या (हबमध्ये बेअरिंग ज्या खाचेत बसते ती बैठक) अंतरापेक्षा आखूड असला, तर नट आवळताना दोन्ही आतल्या रेस एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या आपल्या खोबणीच्या मध्यावरून सरकून कडेला घासतात, बेअरिंग तापते, ग्रीस पातळ होऊन बाहेर पडते आणि थोड्याच दिवसांत चाकाला लूज येतो. हा बिघाड अर्ध्या मिलिमीटरनेही होतो. बुश किंचित लांब, म्हणजे ०.१ मिमीच्या आसपास, असला तर चालते, नव्हे तसाच तो असावा. कारण त्यामुळे जोर खात्रीने बुशवर येतो. पण तो १ मिमीने लांब असेल, तर दुसरे बेअरिंग आपल्या बैठकीत पूर्ण उतरत नाही आणि त्याच्यावरचे ऑइल सील वर राहते. त्या फटीतून धूळ आणि पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल थेट आत जातो.

मधला बुश हरवला म्हणून तो न घालताच चाक जोडण्याचा प्रकारही पाहायला मिळतो. अशी गाडी एक किलोमीटरही चालवू नये.

जुने चाक उतरवण्याआधीची मापे

बहुतेक नवशिके इथेच चुकतात. आधी चाक काढतात आणि मग मोजायला बसतात. जुने चाक जागेवर असताना मिळणारी माहिती नंतर मिळत नाही. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्यावी, आणि रिमच्या दोन्ही कडांपासून शॉकअपच्या नळ्यांपर्यंतचे अंतर एक्सलच्या उंचीच्या वर, एकाच रेषेत मोजून लिहून ठेवावे. मागच्या चाकाला हेच अंतर स्विंगआर्मपासून घ्यावे. काही गाड्यांत मागची रिम मुद्दाम थोडी एका बाजूला ठेवलेली असते, म्हणून दोन्हीकडचे अंतर सारखे नसले तर ते चूक समजून सुधारू नये; आहे तेच लिहावे. डिस्कच्या दोन्ही पृष्ठांपासून कॅलिपरच्या (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या ब्रेकच्या भागाच्या) चौकटीपर्यंतचे अंतर आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राच्या, दात्यांपासून स्विंगआर्मच्या आतल्या पृष्ठापर्यंतचे अंतर हीही मापे घ्यावीत. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत.

मग चाक उतरवून बाजूच्या बुशांवर मार्करने ‘डावा’, ‘उजवा’ असे लिहावे. दोन पायांमधले अंतर थेट मोजण्यापेक्षा एक जास्त भरवशाची रीत आहे. शॉकअपचे पाय हाताने थोडे फाकतात किंवा जवळ येतात, त्यामुळे त्यांच्यामधले माप दर वेळी वेगळे येऊ शकते. त्याऐवजी जुना डावा बुश, जुन्या चाकाच्या दोन्ही आतल्या रेसच्या बाहेरच्या पृष्ठांमधले अंतर आणि जुना उजवा बुश यांची बेरीज करावी. जुने चाक नीट चालत होते, तर ही बेरीज हेच पायांमधले खरे अंतर होय. नव्या उतरंडीची बेरीज हिच्याइतकीच आली पाहिजे.

या कामाला १५० मिमीचा व्हर्निअर, खोली मोजण्यासाठी त्याच्याच शेपटीची काडी, ३०० मिमीची स्टीलची पट्टी आणि एक वही एवढे साहित्य पुरते. डिजिटल व्हर्निअर घेतला तरी चालेल, पण प्रत्येक माप तीन ठिकाणी घ्यावे आणि त्याआधी जबडे पुसून शून्य तपासावा.

बेअरिंगची निवड

नव्या चाकाची बैठक मोठी आणि आपला एक्सल बारीक, ही नेहमीची अडचण असते. पुष्कळ जण बेअरिंगच्या भोकात पातळ नळी घालून ती भरून काढतात. एक-दीड मिमी जाडीची ती नळी दाबाखाली चेपते, फिरते आणि एक्सल कातरते. योग्य उपाय म्हणजे बाहेरचा व्यास तोच, पण भोक आपल्या एक्सलचे, असे बेअरिंग शोधणे. आणि बेअरिंगच्या क्रमांकांची रचना समजली की ते शोधणे सोपे आहे.

क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे भोक सांगतात: ०१ म्हणजे १२ मिमी, ०२ म्हणजे १५, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे त्या आकड्याला ५ ने गुणायचे, म्हणजे ०४ चे २० मिमी. आधीचे दोन आकडे बेअरिंग किती भरीव आहे ते सांगतात. ६० अति हलके, ६२ हलके, ६३ मध्यम. ६००४ चे माप भोक २०, बाहेरचा व्यास ४२, जाडी १२ मिमी. ६३०२ चे भोक १५, बाहेरचा व्यास तोच ४२, जाडी १३. म्हणजे २० मिमी एक्सलसाठी बनवलेल्या चाकात १५ मिमी एक्सल घालायचा असेल, तर ६००४ च्या जागी ६३०२ बसते, फक्त प्रत्येक बाजूला १ मिमी जास्त जागा घेते. तसेच ६००३ (१७×३५×१०) च्या जागी ६२०२ (१५×३५×११), आणि ६००२ (१५×३२×९) च्या जागी ६२०१ (१२×३२×१०). सर्वांत सुखाची जोडी म्हणजे ६२०४ आणि ६३०३. दोन्हींचा बाहेरचा व्यास ४७ आणि जाडी १४ मिमी, फरक फक्त भोकाचा, एकाचे २० आणि दुसऱ्याचे १७.

जाडीतला तो १ मिमी विसरता येत नाही. बेअरिंग त्या मानाने बाहेर येते, त्याच्यावर ऑइल सीलला जागा उरते का ते पाहावे लागते, आणि बाजूचे बुश तेवढे कमी करावे लागतात. एक्सल बारीक असेल, तर सीलचे ओठ ज्या बुशवर घासतात त्याचा बाहेरचा व्यासही सीलच्या भोकाशी जुळवून घ्यावा लागतो. ते न जुळल्यास सील नावापुरतेच उरते.

सोलापूरच्या धुळीचा विचार करता दोन्ही बाजूंना रबरी सील असलेले, म्हणजे ‘२आरएस’ खुणेचे बेअरिंग घ्यावे. ‘झेडझेड’ खुणेच्या पत्र्याच्या झाकणातून बारीक धूळ आणि पाणी आत जाते. नामांकित कंपन्यांच्या नावाचा बनावट माल बाजारात असतो, तेव्हा अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावे, रेसवरची अक्षरे स्वच्छ आहेत का पाहावे आणि बेअरिंग कानाशी धरून हळू फिरवून पाहावे.

बुशांचा हिशेब

मधल्या बुशची लांबी काढण्यासाठी दोन्ही बैठकींच्या तळाच्या पायऱ्यांमधले अंतर हवे. हबची एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंतची एकूण लांबी मोजावी, मग प्रत्येक बाजूच्या तोंडापासून पायरीपर्यंतची खोली काडीने मोजावी, आणि एकूण लांबीतून दोन्ही खोल्या वजा कराव्यात. बैठकीत जुन्या ग्रीसचा थर किंवा ओतकामाचा कण राहिला, तर हे माप फसते. म्हणून रॉकेलने धुऊन, पुसून मगच मोजावे.

एक पुढचे चाक उदाहरणासाठी घेऊ. पायऱ्यांमधले अंतर ७०.० मिमी निघाले, तर मधला बुश ७०.१ मिमीचा करावा. दोन्ही बाजूंना ६३०२ बेअरिंगे, म्हणजे १३ अधिक १३, म्हणजे २६. तिघांची बेरीज ९६.१. शॉकअपच्या पायांमधले अंतर १३०.० मिमी असेल, तर बाजूच्या दोन बुशांसाठी मिळून ३३.९ मिमी उरतात. आता हे ३३.९ दोन्हीकडे सारखे वाटून टाकायचे नाहीत, कारण रिमचा मध्य हबच्या मध्यावरच असतो असे नाही.

रिमचा मध्य असा काढावा. घोटीव कडप्प्यावर किंवा जाड काचेवर सारख्या उंचीचे, समजा ५० मिमीचे, तीन ठोकळे ठेवून त्यांवर चाकाची उजवी कड टेकवावी, म्हणजे उजवे बेअरिंग खालच्या बाजूला येईल. काचेपासून बेअरिंगच्या आतल्या रेसच्या पृष्ठापर्यंतचे अंतर ३६.५ आले, तर ते पृष्ठ रिमच्या कडेच्या १३.५ मिमी बाहेर आहे. रिमची बाहेरून बाहेर रुंदी ७२ असेल, तर निम्मी ३६. तेव्हा रिमच्या मध्यापासून उजव्या पृष्ठापर्यंत ४९.५ मिमी झाले. पायांमधल्या १३० चे निम्मे ६५. त्यातून ४९.५ गेले की उजवा बुश १५.५ मिमीचा, आणि उरलेला डावा १८.४ मिमीचा. हे माप घेताना बेअरिंगे आणि मधला बुश चाकात बसवलेला असला पाहिजे, म्हणून बाजूचे बुश नेहमी सर्वांत शेवटी करायला द्यावेत. जुनी रिम मध्यावर नव्हती असे आधीच्या मापांत दिसले असेल, तर ती मध्यापासून जितकी सरकलेली होती तितके मिमी, डावीकडे असल्यास ६५ मध्ये मिळवावेत आणि उजवीकडे असल्यास त्यातून वजा करावेत.

रिम मध्यावर आली आणि तरी डिस्क कॅलिपरच्या मध्यावर आली नाही, असे घडू शकते. फरक एखाद-दोन मिमीचा असेल, तर डिस्कखाली पूर्ण गोल, सपाट घासलेली चकती देऊन आणि तेवढेच लांब बोल्ट वापरून तो भरता येतो. प्रत्येक बोल्टखाली सुटे वॉशर लावून डिस्क उचलणे धोकादायक आहे, कारण ब्रेक लावताना डिस्कला बोल्टभोवती पूर्ण टेकण मिळत नाही. फरक त्याहून मोठा असेल, तर ते चाक आपल्या गाडीचे नाही असे समजून परत करणे हाच शहाणपणाचा मार्ग.

लेथवरचे काम

सोलापूर यंत्रमागांचे गाव असल्यामुळे इथे लेथचे काम जाणणारे हात भरपूर आहेत. मागाचे शाफ्ट आणि बुश करणाऱ्या कारागिराला ०.१ मिमी म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास किंवा शहरातल्या एखाद्या छोट्या लेथच्या दुकानात जाताना मात्र नुसता मापाचा कागद नेऊ नये. जाणता टर्नर सरळ सांगतो, “मालक, कागद राहू द्या. हब अन् बेअरिंग दोन्ही आणा, एक्सल पण आणा, मग बगू.” त्याचे म्हणणे योग्य आहे, कारण बुश शेवटी त्या तिन्हींतच बसायचा आहे.

बुशसाठी भरीव माइल्ड स्टील किंवा ईएन-८ (त्याहून कडक पोलाद) चा गोल गज घ्यावा. पाण्याच्या पाइपाचा तुकडा कापून बुश करू नये. त्याची भिंत पातळ असते आणि आतल्या सांध्यामुळे भोक गोल नसते. भोक एक्सलपेक्षा ०.२ मिमीने मोठे असावे, म्हणजे एक्सल सहज सरकेल पण बुश खाली लोंबणार नाही. बाहेरचा व्यास असा ठेवावा की बुशचे तोंड फक्त आतल्या रेसवर टेकेल. तो मोठा झाला तर बेअरिंगच्या रबरी सीलवर घासून ते फाडतो. १५ मिमी भोकाच्या ६३०२ साठी २२ मिमी हे माप सोयीचे आहे.

चांगला टर्नर आधी बुश अर्धा मिमी लांब कापतो, एक तोंड साफ करतो, मग बुश उलटा धरून दुसऱ्या तोंडावरून इतका बारीक काप घेतो की चुरा केसासारखा निघतो, आणि दर कापानंतर थांबून व्हर्निअर लावतो. या घाई नसलेल्या पाच मिनिटांसाठीच आपण त्याला पैसे देत असतो. लांबी परिघावर चार ठिकाणी मोजून घ्यावी. तोंडे एकमेकांना समांतर नसतील, तर एकूण लांबी बरोबर असूनही बेअरिंग तिरके दाबले जाते. कडांवरचा बारीक बर, म्हणजे कापताना उरलेला धारदार कंगोरा, काढून घ्यावा, कारण नट आवळताना तो चेपला की आवळणी आपोआप सैल होते.

बेअरिंग बसवणे

जुने बेअरिंग आतून ठोकून काढले की ते पुन्हा वापरू नये, ते कितीही मऊ फिरत असले तरी. काढताना सगळे ठोके गोळ्यांमधून गेलेले असतात. नवे बसवताना हब गरम आणि बेअरिंग थंड असावे. बेअरिंग पिशवीत घालून काही तास फ्रीजरमध्ये ठेवावे आणि हब हॉट एअर गनने चहूबाजूंनी सावकाश, पाण्याचा थेंब टाकला तर चुरचुरेल इतके, तापवावे. गॅस कटरची किंवा ब्लो-लॅम्पची थेट ज्योत अलॉय चाकाला लावू नये. मे महिन्यात चाक दुपारभर उन्हात ठेवून काम करणारेही आहेत. त्याने थोडी मदत होते, पण तेवढे पुरत नाही.

पहिले बेअरिंग डिस्कच्या बाजूचे घ्यावे आणि ते पायरीला पूर्ण टेकेपर्यंत बसवावे. दाब फक्त बाहेरच्या रेसवर द्यावा, त्यासाठी त्याच मापाचे जुने बेअरिंग किंवा किंचित लहान व्यासाचा गोटी पाना वापरावा. टेकल्यावर ठोक्याचा आवाज बदलून भरीव होतो. मग चाक उलटे करून मधला बुश ग्रीसचा हात फिरवून घालावा, त्यातून एक्सल घालून तो मध्यावर धरावा, आणि दुसरे बेअरिंग सावकाश उतरवावे. दुसऱ्या बेअरिंगला पायरीपर्यंत ठोकत न्यायचे नाही. त्याची आतली रेस बुशला टेकली की थांबायचे. तपासणीची खूण अशी: एक्सल काढून बोट घातले असता मधला बुश थोड्या जोराने आडवा सरकला पाहिजे, पण उभा, म्हणजे एका बेअरिंगकडून दुसऱ्याकडे, खुळखुळता कामा नये. अजिबात सरकत नसेल, तर बेअरिंग जास्त आत गेले आहे. दुसऱ्या बाजूने आतल्या रेसला लाकडी दांड्याने एक हलका ठोका दिल्यास ते सुटते.

बेअरिंग हबमध्ये हाताच्या अंगठ्याने बसत असेल, तर बैठक झिजलेली आहे. अशा वेळी बैठकीवर पंच मारून उंचवटे काढण्याची पद्धत सर्रास वापरली जाते, ती टाळावी. ते उंचवटे काही दिवसांत दबतात आणि बैठक पहिल्यापेक्षा खराब होते. सैलपणा अगदी किरकोळ असेल तर बेअरिंगसाठीचे खास चिकट द्रव्य वापरावे, नाही तर लेथवर बैठक मोठी करून स्लीव्ह बसवून घ्यावी.

मागच्या चाकाची वेगळी गुंतागुंत

अनेक गाड्यांत मागचे स्प्रॉकेट वेगळ्या तबकडीवर असते, ती हबमधल्या रबरांत बसते आणि तिला स्वतःचे तिसरे बेअरिंग असते. या तिसऱ्या बेअरिंगच्या आणि हबच्या बेअरिंगच्या मध्येही एक छोटा, बहुधा पायरी असलेला बुश असतो. तो जुन्या चाकातच राहून जातो आणि नव्यात घातला जात नाही, असे वारंवार होते. मग नट आवळला की तबकडी हबला घट्ट चिकटते, रबरे निकामी होतात आणि चेनचा प्रत्येक झटका बेअरिंगवर येतो. उतरंडीची बेरीज करताना हे बेअरिंग आणि हा बुश दोन्ही धरावेत.

चेनची रेष रिमपेक्षा आधी सांभाळावी. पुढच्या स्प्रॉकेटच्या पृष्ठावर सरळ पट्टी धरून ती मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांना सपाट लागते का, ते पाहावे. जुने माप लिहून ठेवले असेल, तर पट्टीचे काम निम्मे होते. स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबून न राहता स्विंगआर्मच्या मुख्य बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडे मोजावे.

ड्रम ब्रेक असेल तर लायनरच्या प्लेटचा अडकाव ही सर्वांत गंभीर बाब आहे. पुढे प्लेटची खाच शॉकअपच्या खुंटीत, आणि मागे प्लेटचा दांडा स्विंगआर्मच्या बोल्टला अडकलेला असतो. ब्रेक लावल्यावर प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून. नव्या प्लेटची खाच जुळत नाही म्हणून ती घासून मोठी करणे किंवा अडकाव नसताना गाडी चालवणे म्हणजे पहिल्या जोरदार ब्रेकला चाक जागेवर अडकवून घेणे होय. ही एक गोष्ट जुळत नसेल, तर बाकी सर्व जुळूनही काम थांबवावे.

एबीएसच्या (ब्रेक लावताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत सेन्सरच्या चकतीचे दाते जुन्या चकतीइतकेच हवेत, आणि सेन्सर व चकती यांतले अंतर मॅन्युअलप्रमाणे फीलर गेजने, म्हणजे फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी, जुळवावे. डिस्क दाबलेल्या हवेने नव्हे, तर ब्रेक क्लीनरने पुसावी. ग्रीसचे बोट लागलेला पॅड नवा घ्यावा.

आवळणी आणि चाचणी

एक्सलला ग्रीसचा पातळ थर देऊन तो हाताने सरकवत घालावा. शेवटच्या टप्प्यात हातोडी लागत असेल, तर उतरंडीत कुठे तरी माप जास्त आहे. शॉकअपचे पाय बाहेर ढकलून चाक घुसवावे लागले, किंवा नट आवळताना पाय आत ओढले गेले, तर बाजूचे बुश चुकले आहेत असे समजून परत मोजावे. नट टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकाच आवळावा. एक्सलला काटा पिनेची सोय असेल तर नवी पिन घालावी.

आता चाक हाताने फिरवावे. नट आवळण्याआधी जितके मोकळे फिरत होते, तितकेच नंतरही फिरले पाहिजे. आवळल्यावर चाक जड झाले, तर मधला बुश आखूड आहे, आणि त्यावर नट सैल ठेवणे हा उपाय नव्हे. चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे, लूज जाणवता कामा नये. शॉकअपला तार बांधून तिचे टोक रिमजवळ आणून चाक फिरवले की रिम किती डोलते ते दिसते. अनेक मॅन्युअलमध्ये त्याची मर्यादा २ मिमी दिलेली असते. डिस्कची गाडी असेल तर रस्त्यावर येण्याआधी ब्रेकचा लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहावा, कारण चाक काढल्यावर पिस्टन मागे ढकललेले असतात.

पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, सकाळी, कमी वेगाने घ्यावी. तीन-चार किलोमीटरनंतर थांबून ब्रेकचा फार वापर न करता हबला हात लावावा. कोमट असणे ठीक, पण हात ठेववत नसेल तर परत फिरावे. दुसऱ्या दिवशी तुळजापूर किंवा अक्कलकोटपर्यंत, म्हणजे साधारण चाळीस किलोमीटर, जाऊन यावे आणि आल्यावर एक्सलचा नट, डिस्कचे बोल्ट व चेनचा ताण पुन्हा तपासावा. सुरुवातीच्या ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा चाक वर घेऊन लूज पाहावा. बुशांची सर्व मापे आणि बेअरिंगचे क्रमांक गाडीच्या कागदपत्रांसोबत लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी बेअरिंग बदलताना मिस्त्री वेगळा असेल, आणि त्याच्यासमोर येणारे चाक कोणत्याही कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगमध्ये सापडणार नाही.